पऱ्हाट्यांच्या कांड्या

संक्रांत होऊन जाते, सकाळची थंडी हळूहळू अंगावरून उतरायला लागते आणि नागपूरच्या आसपासच्या वावरांमध्ये पऱ्हाट्या उपटण्याचा हंगाम येतो. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते. मागे उरतात ती कमरेएवढी तपकिरी, वाळकी झाडं. फुटक्या बोंडांच्या टरफलांत कापसाचे दोन-चार तंतू अडकून राहिलेले असतात. या वाळक्या झाडांनाच आम्ही पऱ्हाट्या म्हणतो. परवा उमरेडकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते. एका वावरात बाया लोखंडी चिमट्याने पऱ्हाट्या उपटत होत्या. मूळ जमिनीतून सुटतानाचा तो ‘खट्‌’ आवाज मला बसच्या घरघरीतही ऐकू आल्यासारखा वाटला. ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण चार वर्षांपूर्वीच्या एका हंगामात तो आवाज मी इतका जवळून ऐकला आहे की आता नुसतं दिसलं तरी पुरतं.

पुढच्या वळणावर धूर होता. कोणीतरी उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लोटून पेटवून दिले होते. बसमधल्या कोणी मानही वळवली नाही. धूर या दिवसांचाच असतो, असं मीही पूर्वी धरून चालले होते.

मी नागपूरच्या सदर भागात एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. इंधन तपासायचं, हा आमचा धंदा. त्यात ओलावा किती, जळल्यावर राख किती उरते, उष्णता किती निघते, ते पाहून दाखला द्यायचा. माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला होते. माझं बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे आणि मग घडी घालायची, ही सवय मला अजून आहे. इंधन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काळा रंग यायचा. वावरातल्या काड्यांकडे इंधन म्हणून पाहायचं मी साफ विसरले होते.

विसरले होते, असंच म्हणायला हवं. कारण भिवापूरकडच्या माझ्या आत्याची चूल वर्षभर पऱ्हाट्यांवरच चालायची. मागच्या अंगणात मोळ्यांचा ढीग घरापेक्षा उंच. पऱ्हाटीचा जाळ भुरकन चढतो, तडतडतो आणि भाकरी टाकेपर्यंत उतरूही लागतो. आत्या एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताने काड्या आत सारायची. तिचे डोळे कायम लाल असायचे. पुढे घरोघरी गॅस आला. आत्याचे डोळे निवळले, याचा मला आजही आनंद आहे. पण त्याच दिवसांत पऱ्हाट्यांना कोणी वाली उरला नाही. जे सरपण बाया डोक्यावरून वाहून आणत होत्या, ते वावरातली अडगळ झालं, आणि अडगळीला काडी लावणं सगळ्यांत सोपं.

त्या हंगामात आमच्या लाकडी जिन्यावरून एक बाई वर आल्या. पन्नाशीच्या आतल्या, सावळ्या, निळी साडी, हातात स्टीलचा डबा. दमल्या होत्या, पण बसल्या नाहीत. डब्याचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. आत करंगळीएवढ्या जाड, तपकिरी, गुळगुळीत कांड्या होत्या.

“हे तपासून पाहिजे, मॅडम. पऱ्हाट्यायच्या आहेत. आमीच बनवल्या.”

त्या रत्नमालाताई. भिवापूरजवळच्या एका गावातल्या. गावातल्या अकरा बायांना घेऊन त्यांनी एका जुन्या गोदामात पऱ्हाट्या दळायचं आणि त्या भुशाच्या कांड्या दाबायचं यंत्र बसवलं होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाबरोबर थोड्या अशा कांड्या जाळून पाहणार होते. चाचणीसाठी एक ट्रक माल घ्यायचं ठरलं होतं. आधी नमुना पास व्हायला हवा होता.

मी नमुना तपासला. राख फार निघाली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुसरा डबा आणला. तोही नापास. अशा वेळी लोक माझ्याशी कसे बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. काही जण चढ्या आवाजात बोलतात, काही जण आवाज फार खाली आणून ‘काहीतरी बघा ना’ म्हणतात. रत्नमालाताईंनी दोन्ही केलं नाही. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “काहून?”

“म्हणजे?”

“राख काहून जास्त येऊन राहिली? पऱ्हाटी तर चुलीत जाळली का बुक्का उरत होता नुसता. एवढी राख मी जन्मात पाहिली नाही.”

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. लोकांना दाखला हवा असतो. मी त्यांना आत नेलं. भट्टीतून काढलेली चिनी मातीची वाटी निवायला ठेवली होती. त्यातली राख आम्ही दोघींनी खिडकीशी नेऊन पाहिली. काडीची राख पांढरट, मऊ असते. ही विटकरी होती. रत्नमालाताईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली.

“ही तर माती आहे, मॅडम. भाजलेली माती.” मग त्या एकदम हसल्या. “आमच्या कांडीत वावर येऊन राहिलं!”

वावरच येत होतं. पऱ्हाटी मुळासकट उपटली की मुळांना काळी माती चिकटून येते. तीच यंत्रात दळली जात होती, कांडीत दाबली जात होती. काळ्या मातीला आपण कितीही जीव लावला तरी ती जळत नाही.

पुढच्या रविवारी मी भिवापूरची बस धरली. कोणी बोलावलं नव्हतं. तो प्रश्न मला आठवडाभर स्वस्थ बसू देत नव्हता.

गोदामात बाया पऱ्हाट्या जमिनीवर आपटत होत्या. आपटून आपटून त्यांचे खांदे भरून आले होते आणि तरी अर्धी माती मुळांतच होती. दाराशी एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसून हे पाहत होते. डोक्याला गांधी टोपी, नाकावर उतरलेला चष्मा. ते हरिभाऊ. मूळचे उमरेडच्या विणकर घरातले, आता याच गावात राहणारे. हातमाग बंद पडल्यावर त्यांनी पंप दुरुस्त केले, पिठाच्या गिरण्या दुरुस्त केल्या, आणि आता रत्नमालाताईंच्या यंत्राची देखभाल करत होते. यंत्र चालू झालं की ते कान तिरका करून ऐकायचे आणि कुठला नट सैल आहे ते जागेवरून सांगायचे. कांड्यांना ‘कांड्या’ हे नाव त्यांचंच. मागावरच्या धोट्यात सूत भरलेली जी नळी बसते तिलाही कांडीच म्हणतात. बायांनी तो शब्द उचलला आणि मीही.

“आपटून माती पडत नाही,” हरिभाऊ तिथूनच म्हणाले. “फिरवा लागते. फिरता फिरता पडते.”

ते उठून गेले. दुपारी बैलबंडीवर काहीतरी मोठं लाकडी घेऊन आले. माणसाच्या उंचीचा, पट्ट्यापट्ट्यांचा पोकळ ढोल. साडीचा ताणा करताना यावर सूत गुंडाळतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. हा ढोल त्यांच्या वडिलांच्या हातचा. माग विकले, धोटे कोणी दिवाणखान्यात लावायला मागून नेले, हा मात्र त्यांनी आढ्याला टांगून ठेवला होता. सागाचं लाकूड हाताच्या घामाने काळं आणि गुळगुळीत झालं होतं.

“हरिभाऊ, याले नका तोडू गा,” रत्नमालाताई म्हणाल्या. “दुसरं काही पाहू.”

“तोडून कोण राहिलं? काम देऊन राहिलो त्याले.”

त्यांनी पट्ट्यांवर बाहेरून लोखंडी जाळी ठोकली, एका बाजूला हातभर दांडा बसवला. पऱ्हाट्यांचे तुकडे करून आत भरले आणि दोघी बायांनी दांडा फिरवला. ढोल कुरकुरला, मग त्याला लय सापडली. जाळीतून काळी माती बारीक पावसासारखी खाली झरू लागली. आतले तुकडे एकमेकांवर घासून स्वच्छ होत गेले. हरिभाऊ एका बाजूला उभे होते. ढोलावरून त्यांची नजर हलत नव्हती आणि बोटं धोतराच्या सोग्यावर त्याच लयीत हलत होती.

खाली पडलेली माती रत्नमालाताईंनी पोत्यांत भरून घेतली. मला वाटलं, अंगणात टाकतील. त्यांनी प्रत्येक पोत्यावर कोळशाने शेतकऱ्याचं नाव लिहिलं. ज्याच्या वावरातल्या पऱ्हाट्या, त्याच्या वावरात ती माती परत गेली. गावात याची थट्टा झाली. “आता धूळही परत देऊन राहिल्या बाया,” असं पारावर बोललं गेलं. पण ज्यांच्या धुऱ्यावर पोतं रिकामं झालं ते हसले नाहीत. त्यातले एक होते देवाजी, मिरचीचे मोठे शेतकरी. ते सगळ्यांत आधी रत्नमालाताईंना नाही म्हणाले होते. “पेटवली का बोंडअळी मरते,” हे त्यांचं म्हणणं. रत्नमालाताई म्हणाल्या होत्या, “दादा, दळली का तीही मरते. फक्त धूर होत नाही.” तेव्हा त्यांनी एका वावरातल्या तेवढ्या पऱ्हाट्या नेऊ दिल्या होत्या. माती परत आल्यावर त्यांनी उरलेल्या पऱ्हाट्यांनाही काडी लावली नाही.

खरा प्रश्न हाच होता, हे मला हळूहळू कळत गेलं. रत्नमालाताईंनी घरोघरी जाऊन लोकांना थांबवलं होतं. पेटवू नका, आम्ही नेतो. चाचणीत माल परत आला असता, तर पुढच्या वर्षी त्या कोणाच्या दारात काय म्हणून गेल्या असत्या? गावाने एकदा ऐकलं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं नसतं.

तिसरा नमुना पास झाला. राख पांढरट, मऊ. मी फोन केला तेव्हा पलीकडे आधी ढोलाची कुरकुर, मग रत्नमालाताईंचा आवाज, “ऐकलं का वं!” आणि बायांचा एकच गलका.

आता ट्रकभर माल तयार करायचा होता. वेळ फार नव्हता. आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. विदर्भात फेब्रुवारी-मार्चला तो येतोच, गारांसकट येतो. दळून ठेवलेल्या भुशाचा मोठा ढीग गोदामाबाहेर ताडपत्रीखाली होता. वाऱ्याने ताडपत्री फाटली. वरचा थर भिजला. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा बायांनी वरचा ओला थर काढून टाकला आणि आतला भुसा कोरडा असेल असं धरून चालल्या.

मी घरी जेवताना हे सगळं बाबांना सांगत होते. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझं हे पऱ्हाट्यांचं वेड ते नुसतं ऐकून घेत. कोळशाच्या डोंगरापुढे काड्यांची काय मातब्बरी, असं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायचं. त्या दिवशी मी सहज म्हणाले, “ताई म्हणत होत्या, ढिगाला आंबूस वास येतोय.”

बाबांचा घास हातात राहिला.

“वाफ निघून राहिली का सकाळी?”

“ते नाही विचारलं.”

“विचार. आत्ता.”

मी फोन लावला. हो, सकाळी ढिगाच्या माथ्यावर धुकं दिसत होतं, पण ते दव असेल असं त्यांना वाटलं.

“दव नाही ते,” बाबा म्हणाले. “ढीग आतून तापून राहिला. कोळशाचा ढीगही असाच पेटतो, आतून, कोणी काडी न लावता. त्यायले म्हण, ढीग फोडा लागते. मी येतो.”

दुपारच्या बसने आम्ही गेलो. बाबांनी बंडीची एक लोखंडी सळई मागितली, ढिगात खोलवर खुपसली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि बाहेर ओढली. टोकाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. मग रत्नमालाताईंना म्हणाले, “लावून पाहा, पोरी. जपून.” त्यांनी लावला. त्यांचा चेहरा उतरला.

“आता?”

“आता पसरवायचा. जितका पातळ होईल तितका. घमेलं घमेलं काढा. कुठं धूर दिसला तर त्यावर पाणी, बाकीच्याले पाणी लावू नका.”

पण एवढा भुसा पसरवायचा कुठे? गोदामापुढे जेमतेम बंडी वळेल एवढीच जागा. बुद्ध विहाराचं अंगण मिळालं, ते भरून गेलं. शाळेपुढची फरशी भरली. अकराच्या अकरा बाया घमेली वाहत होत्या. त्यांच्या सासवा आल्या, जावा आल्या. मीही पदर खोचला. भुशाच्या पोटातून गरम, आंबट वाफ तोंडावर येत होती. मध्यावर पोहोचलो तेव्हा भुसा काळपट झालेला दिसला, आणि एका जागेवरून निळसर धुराची बारीक रेघ निघाली. रंजना नावाच्या एका बाईने बादली उपडी केली. चर्र आवाज झाला.

तेवढ्यात देवाजी आले. धोतर गुडघ्यापर्यंत, मागे बंडी. ते रत्नमालाताईंकडे न पाहताच म्हणाले, “माझ्या सातऱ्यावर जागा आहे. मिरची उचलली परवाच. घेऊन चला.”

सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं, चोपून केलेलं मैदान. भिवापूरकडे हे सातरे हंगामात लालभडक असतात, डोळे दिपतात. त्या दिवशी देवाजींच्या सातऱ्यावर बंड्यांमागून बंड्या रिकाम्या झाल्या. दिवस मावळायच्या आत तपकिरी भुशाचा पातळ थर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. पुढचे तीन दिवस बाया त्यात अनवाणी पायांनी सऱ्या ओढत होत्या, उलटा-पालटा करत होत्या. जमिनीत मुरलेली मिरची उठायची आणि सगळा सातरा शिंकायचा. बाबा तिन्ही दिवस तिथेच राहिले, हरिभाऊंच्या घरी. दोघांनी काय गप्पा मारल्या कोण जाणे. परत आले तेव्हा बाबांच्या बोलण्यात ‘आपला भुसा’ असा शब्द होता.

त्या मालाचा नमुना मी प्रयोगशाळेत दळला आणि खालच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत लोक शिंकत सुटले. ओलावा मात्र मर्यादेत बसला होता, राखही. मी दाखल्यावर सही केली. इतक्या वर्षांत इतकी सावकाश सही मी कधी केली नव्हती.

आज मागे वळून पाहताना मला त्या बायांच्या धिटाईपेक्षाही त्यांच्या विचारण्याचं कौतुक जास्त वाटतं. नापास झाल्यावर ‘काहून’ विचारायला वेगळी ताकद लागते. मी शिकले-सवरलेली, रोज मुशीत राख मोजणारी. राखेचा रंग माझ्यासमोर होता, तरी त्यांनी विचारेपर्यंत मी तो पाहिला नव्हता. वावरातली काडी, विणकराचा ढोल, मिरचीचा सातरा, कोळशाच्या यार्डातलं बाबांचं शहाणपण. यातलं काहीच नवीन नव्हतं. एकाच गोदामात ते सगळं आणून घालायला मात्र कोणाला तरी दारोदार फिरावं लागलं. अजूनही बऱ्याच धुऱ्यांवर धूर दिसतो, परवा मी पाहिलाच. पण रत्नमालाताईंच्या गावच्या शिवारात तो दिसत नाही, आणि शेजारच्या दोन गावांतल्या बाया आता त्यांच्याकडे ढोल पाहायला येतात.

ट्रक खापरखेड्याला गेला त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. बाया जीपमधून, मी आणि बाबा बसने. यार्डात आमच्या कांड्या कोळशात मिसळल्या, सरकत्या पट्ट्यावरून वर चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. बायांचे चेहरे जरा पडले. एवढं करून शेवटी पट्टाच पाहायचा का, असं त्यांना वाटलं असावं. तिथल्या अभियंत्याच्या ते लक्षात आलं. भला माणूस. त्याने परवानगी काढली, सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या आणि लोखंडी जिन्यांवरून आम्हाला बॉयलरपाशी नेलं. नऊवारी आणि सहावारी पदर, त्यावर पिवळ्या टोप्या, आणि पायाखालची जाळी थरथरतेय. एका भिंतीत तळहाताएवढा झरोका होता. अभियंत्याने निळी काच दिली आणि त्यातून पाहायला सांगितलं.

पहिल्या रत्नमालाताई. त्यांनी काचेला डोळा लावला. आतल्या जाळाचा उजेड त्यांच्या गालावर हलत होता.

“यातली आमची कोणती, साहेब?”

अभियंता हसला नाही. क्षणभर विचार करून म्हणाला, “आता वेगळी काढता येत नाही, ताई. सगळं एकच झालं.”

रत्नमालाताईंनी मान हलवली. काच रंजनाच्या हातात दिली. “पाहा वं. सगळी आपलीच समज.”

एकेक करून सगळ्या पाहत गेल्या. कोणी हात जोडले, कोणी नुसतं ‘बाप्पा!’ म्हणून मागे सरकलं. हरिभाऊंनी चष्मा काढून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. शेवटी काच रत्नमालाताईंकडे परत आली. त्यांनी ती बाबांपुढे धरली आणि म्हणाल्या, “तुमी तर किती डाव पाहिलं असन, नाही का?”

बाबांनी काच घेतली नाही लगेच. डोक्यावरची पिवळी टोपी उगाच सारखी केली.

“नाही पाहिलं,” ते म्हणाले. “मी यार्डातच होतो. जन्मभर कोळसा आत जाताना पाहिला. आत काय होते ते कोणी दाखवलंच नाही, आन्‌ मीही विचारलं नाही.”

मग ते पुढे झाले. गुडघे जरा वाकवले, एक हात भिंतीपासून अंतरावर धरला आणि काचेला डोळा लावला. बराच वेळ ते तसेच पाहत राहिले. अभियंत्याने घड्याळाकडे पाहिलं, मागे बायांची चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी परत एकदा पाहायला मिळेल का म्हणून पुढे सरकली.

रत्नमालाताईंनी हात आडवा धरला.

“थांबा वं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “त्यायले पाहू द्या.”